सुलूचा मेणाचा ठोकळा

पेणकरपाडा, मीरा रोड
सोमवार, ९ सप्टेंबर १९९६

सुचेता,

वर 'अनेक आशीर्वाद' लिहिलं होतं, तो कागद बदलला. तीन वर्षांत तुला अकरा पत्रं घातली. अकराही पत्रांत आशीर्वाद होते आणि एकाचंही उत्तर आलं नाही. म्हणून या खेपेला नुसतं नाव लिहितोय. नाव तरी मीच ठेवलेलं आहे.

हे पत्र बाजूला टाकू नकोस, काम आहे. तुझ्याकडे कॅमेऱ्याच्या रोलची एक काळी डबी आहे. तिच्यात आईच्या, माझ्या सुलूच्या, तपासणीचा मेणाचा ठोकळा आहे. तो मला हवा आहे.

कारण सांगतो. आई ज्या इस्पितळात होती तिथून डॉ. मिनल पाटणकर म्हणून एका बाईंचं पत्र आलं, म्हणून जाऊन भेटलो. तरुण आहेत, तुझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असतील. ज्या बायकांनी जन्मात तंबाखूला हात लावला नाही आणि तरी ज्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर झाला, अशांचे जुने कागद त्या काढून बसल्या आहेत. गाठीचा तुकडा काढला की तो मेणात बसवून जपून ठेवतात. आईचं नाव त्यांच्या यादीत आहे, पण ठोकळा जागेवर नाही. नोंदवहीत 'नेला' या रकान्यात तुझ्या यजमानांची सही आहे, सोलापूरच्या डॉक्टरांचं मत घ्यायला म्हणून. 'परत दिला' हा रकाना कोरा. मी म्हटलं, बाई, तो कुठे आहे ते मला माहीत आहे, मिळेल की नाही ते माहीत नाही.

तुला आठवत असेलच. जेसल पार्कच्या बाजूला खाडीवर आपण अस्थी सोडायला उभे होतो. मी एवढंच म्हटलं की तो ठोकळाही सोडू या, त्यात तिच्या छातीतला तुकडा आहे, तिला अपुरी कशाला पाठवायची. देहाचं सगळं पाण्याला द्यावं, मागे काही ठेवू नये, असंच आमच्याकडे धरतात. तू मूठ मिटलीस. चार नातेवाइकांसमोर म्हणालीस, "तुमच्या विड्यांनी आईला मारलं, अण्णा. हा त्याचा पुरावा आहे. हा माझ्याकडे राहणार." भटजीसुद्धा मंत्र म्हणायचे थांबले. त्या दिवसापासून मी विडी ओढलेली नाही. ते तुला सांगायचं राहूनच गेलं.

सोबत डॉक्टरबाईंचा छापील फॉर्म आहे. पहिलं पान माझं, ते मी भरलं. बहुतेक होय-नाहीचे प्रश्न, सोपे. दुसरं पान आईच्या आधीच्या आजारपणांचं, ते तू भर. त्या गोष्टी मला कधी नीट कळल्या नाहीत. खाली बाईंचा पत्ता छापलाय, तिकडे पाठवू नकोस. ठोकळा आणि फॉर्म दोन्ही माझ्याकडे पाठव, मी नेऊन देईन.

शुद्धलेखन बघ. हसू नकोस. चुकलेला शब्द पाच वेळा लिहायचा, हा नियम वर्गात होता आणि घरातही होता. एकदा रागाने 'चूक' हाच शब्द पाच वेळा लिहून तू पाटी माझ्या मांडीवर आदळली होतीस. आई तोंडाला पदर लावून हसत होती.

इकडे मिठागरं बुजवून इमारती उठतायत. खिडकीतून पूर्वी पांढरे ढीग दिसायचे, आता विटांचे दिसतात. नोकरीच्या सुरुवातीला मी मुलांसाठी एक गाणं केलं होतं. त्यातल्या दोन ओळी अजून तोंडात येतात:

मीठ पिकते, पाणी आटते,
वारा मोजतो ढीग.

तुझी आई म्हणायची, "वारा कसला मोजतोय? त्याला बोटं आहेत का?" मी म्हणायचो, कवितेत असतात. ती म्हणायची, "कवितेत तुमचं बरं चालतं."

डबी पाठव.

अण्णा

मंगळवार, २४ सप्टेंबर १९९६

सुचेता,

ठोकळा अजून आलेला नाही. पोस्टमन पुढे गेला की खालचे दुकानदार ईश्वरभाई गल्ल्यावरूनच हाक मारतात, "मास्तर, आज भी कुछ नहीं. तुम्ही लिहत राहा, पोस्टखाता तुमच्यावरच तर चालतो." गुजराती माणूस, तोंडाने खट्याळ, पण माझी पत्रं तोच पेटीत टाकतो.

काल पुन्हा इस्पितळात गेलो होतो. तुला सगळं सविस्तर लिहितो, कारण हे वाचून तुझा राग निम्मा तरी उतरेल.

डॉक्टरबाई म्हणाल्या, एक विषाणू आहे. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. मी वहीत लिहून घेतलं आणि त्यांना दाखवून तपासून घेतलं. आपल्या अंगावर चामखीळ येते ना, ती आणणाऱ्यांच्याच कुळातला. त्याचे पुष्कळ प्रकार. बहुतेक येतात आणि निघून जातात, माणसाला पत्ताही लागत नाही. पण काही प्रकार चिवट. ते पेशीत शिरून वर्षानुवर्षं बसून राहतात. बायकांना गर्भाशयाच्या तोंडाशी जो कॅन्सर होतो त्यात हा सापडतो, हे आता बहुतेक सगळे मानतात.

"पण हिचा तर छातीतला होता," मी म्हटलं.

"म्हणूनच तर शोधतेय, मास्तर. जपानकडे काही डॉक्टरांना तो फुफ्फुसाच्या गाठीतही सापडलाय. दुसऱ्या काहींनी शोधला, त्यांना नाही सापडला. आणि सापडला तरी गाठ त्यानंच केली असं म्हणता येत नाही. नुसता येऊन बसला असेल. तिथपर्यंत पोचतो कसा, तेही कुणाला धड माहीत नाही."

"म्हणजे विडीचा धूर नव्हे?"

"असं मी म्हटलं का? एका खोलीत पंचवीस वर्षं कुणी विड्या ओढत असेल तर तो धूर मी कशी विसरेन? कदाचित धूर. कदाचित हा. कदाचित दोघं मिळून. एका ठोकळ्यावरून मला काही कळणार नाही. शंभर बघितले तर थोडंफार कळेल."

सुचेता, तूही मास्तरीणच आहेस, तुला 'कदाचित' या शब्दाचं मोल कळतं. तीन वर्षं माझ्या वाट्याला तो शब्दसुद्धा नव्हता. इस्पितळाच्या पायऱ्या उतरताना मला चक्क कवितेची एक ओळ सुचली. दुसरी सुचेपर्यंत पहिली विसरलो, पण सुचली होती.

त्या ठोकळ्यातून केसाहून पातळ काप काढतात. मेण उतरवतात आणि आतल्या पेशींमध्ये विषाणूची खूण शोधतात. मला आठवतंय, पांढऱ्या मेणात खडीसाखरेएवढा तपकिरी ठिपका होता. तुझ्या आईचं या जगात तेवढंच उरलंय, आणि आता तेच बोलणार आहे. मी तिच्यासमोर उभा राहायला तयार आहे.

एका प्रश्नाचं उत्तर मात्र मला देता आलं नाही. त्यांनी विचारलं, "बाईंना पूर्वी गर्भाशयाच्या तोंडाशी काही त्रास होता का? जखम वगैरे, ती भाजून काढली असं काही?" मला अंधुक आठवतं. १९७९ साली तिला ठाण्याला दवाखान्यात न्यायचं होतं आणि नेमकं त्या दिवशी शाळेत इन्स्पेक्शन होतं. तू गेलीस तिच्याबरोबर, सोळा वर्षांची. संध्याकाळी दोघी परत आलात. आई भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मी तुला विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? तू म्हणालीस, "काही नाही. बायकांचं." मी पुढे विचारलं नाही. बायकांचं म्हटलं की पुरुषाने गप्प बसायचं, अशी आमच्या पिढीची रीत. त्या दिवशी इन्स्पेक्टरने माझ्या वर्गाला उत्तम शेरा दिला होता, तो मी जेवताना तुम्हाला वाचून दाखवला. तू पानावरून उठून गेलीस.

काय होतं ते, फॉर्मवर लिही.

हा विषाणू माणसात येतो कुठून, ते विचारायचं राहून गेलं. पुढच्या खेपेला विचारतो.

अण्णा

ता. क. डबी उन्हात ठेवू नकोस. सोलापूरचं ऊन, आणि आत मेण आहे.

मंगळवार, ८ ऑक्टोबर १९९६

सुचेता,

ठोकळा पाठवू नकोस.

ऑक्टोबरचा उकाडा आहे. टपालाच्या पोत्यात मेण वितळलं तर हातचंही जायचं. शिवाय डॉक्टरबाई चांगल्या असल्या तरी वयाने लहान आहेत, त्यांच्या शंभर ठोकळ्यांत एक कमी झाला तर काही अडत नाही. तू असं कर, कधी भीमेवर जाशील तेव्हा तो पाण्यात सोड. नाहीतरी खाडीत जायचाच होता. फॉर्म फाडून टाक. पहिलं पान आधी फाड. घाईत भरलंय, अक्षर वाईट आलंय.

काल इस्पितळात गेलो होतो. गंमत म्हणजे या खेपेला त्यांनी ठोकळ्याचा विषयच काढला नाही. कामाच्या गर्दीत विसरल्या असतील. मीच विचारलं, "बाई, हा विषाणू येतो कुठून? पाण्यातून की हवेतून?"

"त्वचेला त्वचा लागून," त्या म्हणाल्या. "हे जे चिवट प्रकार आहेत ते बहुतेक वेळा शरीरसंबंधातून. बाईला नवऱ्याकडून येतो. नवऱ्याला त्याच्या आधी कुणाकडून तरी आलेला असतो."

"आमच्या घरात तसलं काही नाही."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. समोर कागदांचा गठ्ठा होता, पंख्याने उडू नये म्हणून त्यावर त्यांनी हात ठेवला होता.

"फॉर्ममध्ये तुम्हाला तो प्रश्न होता. विवाहाबाहेर संबंध होते काय. काय लिहिलंत तुम्ही?"

"नाही, असं लिहिलं."

"ते बदलायचंय का?"

"नाही."

"ठीक आहे, मास्तर. पाणी घेणार?"

पाणी प्यायलो आणि निघालो. एवढंच झालं.

तुझ्या मनात उगाच काही यायला नको म्हणून सांगतो. ६२ ते ६४ मी वरसाव्याच्या शाळेत एकटा होतो, हे तुला ठाऊक आहे. मी एकच शिक्षक, आणि गळकी कौलं. आई बाळंतपणासाठी रोह्याला माहेरी गेली आणि तू लहान म्हणून पुढेही तिकडेच राहिली. मी हाताने भात शिजवून खायचो. गावातली सुगंधा म्हणून एक बाई अधूनमधून कालवण आणून द्यायची. तिचा नवरा रेतीच्या होडीवर गेला तो परत आलाच नव्हता. मास्तरला गावात सगळेच काही ना काही द्यायचे, कुणी वांगी, कुणी बोंबील. सुगंधाला लिहिता-वाचता येत नसे, पण एकदा ऐकलेली कविता तिला पाठ व्हायची. चिमणीच्या उजेडात पाय लांब करून बसायची आणि म्हणायची, "मास्तर, तां मिठाचं म्हना परत."

हे मी कशाला लिहितोय.

डबी बंद ठेवून सोडू नकोस, तरंगत राहील. उघडून सोड.

अण्णा

मंगळवार, २९ ऑक्टोबर १९९६

सुचेता,

तीन आठवडे हे पत्र मनात लिहितोय. आता कागदावर उतरवतो. मध्ये थांबलो तर पुन्हा हातात घेणार नाही, म्हणून चहासुद्धा बाजूला ठेवलाय.

परवा रविवारी वरसाव्याला गेलो. बत्तीस वर्षांनी. हाकेच्या अंतरावर राहून बत्तीस वर्षं एक माणूस एका गावात पाऊल टाकत नाही, याचं कारण कुणी विचारलं नाही, तेव्हा मीही कधी दिलं नाही. पुलाच्या अलीकडे उतरलो. खाडीला भरती होती, पाणी गढूळ, पुलाच्या खांबांना घासत वर चढत होतं. शाळा आहे तिथेच आहे, वर आता स्लॅब पडलाय. सुगंधाच्या घरात तिचा धाकटा भाऊ दाजी राहतो. तो माझ्याकडे दुसरीत होता. आता केस पांढरे झालेत, पण त्याने मला ओळखलं.

"आवो मास्तर! जिते हाय तुमी?" म्हणाला. बायकोला चहा टाकायला सांगितला. "मला पाच-पाच येला लिवाया लावायचे, आटवतंय का? हात मोडून जायाचा."

मी शाळेचं विचारलं, रेतीच्या धंद्याचं विचारलं. मग म्हटलं, "सुगंधा कशी आहे?"

"ती न्हाय आता. आठ वर्सं झाली." तो चहात खारी बुडवत होता. "अंगावरनं जायाचं, थांबतच न्हवतं. लाजंपायी कोनाला बोललीच न्हाय. मंग ठान्याला नेली. डाक्टर बोलला, गर्भाच्या तोंडाशी गाठ हाय, लय उशीर केला." खारी तोंडात टाकून म्हणाला, "तुमचं नाव काडायची कदी कदी. तुमचं ते मिठाचं गानं आल्या-गेल्याच्या पोरांना शिकवायची."

तो चहा मी कसा संपवला ते मलाच ठाऊक.

सुचेता, फॉर्मवरचं माझं 'नाही' खोटं आहे. कालवण देणारी बाई, एवढंच ते नव्हतं. दोन वर्षं चाललं. तू जन्मलीस ते पोस्टकार्ड रोह्याहून आलं, ते मी सुगंधाच्या ओट्यावर बसून वाचलं. तिने गूळ आणून माझ्या हातावर ठेवला. चौसष्ट साली बदली झाली, भाईंदरला बिऱ्हाड केलं, सुलूला आणि तुला घेऊन आलो, आणि ती दोन वर्षं फळ्यावरचं पुसावं तशी पुसून टाकली. सुगंधाला एक निरोपसुद्धा पाठवला नाही. सुलूला यातलं काही कळलं नाही. तिला कळू दिलं नाही, हीच माझी चांगली बाजू, असं मी आजवर धरून चाललो होतो.

आता बघ मी कसा धावत सुटलो होतो. विडी नव्हे तर विषाणू निघाला म्हणजे मी सुटलो, अशा आनंदात मी तुझ्याकडून डबी मागवली. दोन वाटा होत्या, दोन्ही चालून पाहिल्या. दोन्ही आपल्या दारात येऊन थांबतात आणि दोन्हींवर माझीच पावलं आहेत. शिवाय तो विषाणू सुगंधाने मला दिला, की मीच तिला नेऊन दिला, हेही मला सांगता यायचं नाही. ट्रेनिंग कॉलेजात असताना आम्ही तिघं मित्र एकदा मुंबईला जाऊन आलो होतो. इतकी वर्षं ते मी आठवणीतसुद्धा आणत नव्हतो. दाजीच्या घरी भिंतीला टेकून बसलो तेव्हा आठवलं.

डॉक्टरबाई म्हणतात की खात्रीने काही सांगता येत नाही. फुफ्फुसात तो असेल किंवा नसेल, असला तरी दोष त्याचा असेलच असं नाही. पण सुगंधाचं जे झालं त्यात त्यांना फारशी शंका राहणार नाही. तिच्यासाठी कुणी फॉर्म छापला नाही.

ठोकळा पाण्यात सोडला असशील तर बोलणंच खुंटलं. नसेल सोडलास तर डॉक्टरबाईंकडे पाठव, थेट. माझ्याकडे नको. माझ्या हातून तो तिथवर पोचेल अशी मला खात्री नाही, हे आता लिहून टाकतो.

आणि तू स्वतःची तपासणी करून घे. आईकडून लेकीला येतं म्हणून नव्हे. डॉक्टरबाई म्हणतात, प्रत्येक बाईने करावी, दुखत नाही, दोन मिनिटांचं काम. सुगंधासारखी लाजू नकोस.

मी इस्पितळात जाऊन माझं उत्तर बदलणार आहे. तुला लिहिलं म्हणजे आता जावंच लागेल.

अण्णा

गुरुवार, २१ नोव्हेंबर १९९६

सुचेता,

जायला तीन आठवडे लागले. दोनदा निघालो आणि स्टेशनवरून परत आलो. दुसऱ्यांदा ईश्वरभाईंनी पाहिलं. "क्या मास्तर, गाडी छूटी के तुम छूटे?" म्हणाले. तिसऱ्यांदा, काल, पोचलो.

डॉक्टरबाई सूक्ष्मदर्शकापाशी होत्या. मी उभाच राहिलो. म्हटलं, "बाई, फॉर्ममधलं एक उत्तर बदलायचंय."

"बसा आधी."

"बसलो तर सांगवणार नाही."

उभ्याउभ्याच सांगितलं. गाव, साल, नाव आणि तिचं काय झालं, ते सगळं. त्यांनी काही लिहून घेतलं नाही. माझं संपल्यावर टेबलाचा खण ओढला आणि त्यातून दोन पानं आणि एक काळी डबी काढून माझ्यासमोर ठेवली.

"हे सत्तावीस सप्टेंबरला आलं. तुमच्या मुलीकडून, रजिस्टर्ड. बरोबर चिठ्ठी होती. अण्णा आपणहून उत्तर बदलायला आले तरच हे त्यांना दाखवा, नाही आले तर राहू द्या."

"म्हणजे गेल्या खेपेला मी आलो होतो तेव्हा..."

"तेव्हा हे पान माझ्या हाताखाली होतं, मास्तर."

दुसऱ्या पानावर तू आईचं १९७९ सालचं लिहिलं होतंस: गर्भाशयाच्या तोंडाशी जखम, भाजून काढली. पहिलं माझं पान. माझं वळणदार अक्षर. 'विवाहाबाहेर संबंध होते काय', पुढे माझं 'नाही'. आणि त्या 'नाही'वर पट्टी लावून मारलेली तांबडी रेघ, एकच, सरळ, मी तुला शिकवली तशी. वर तुझ्या अक्षरात: 'होय. वरसावे, १९६२ ते ६४.' आणि समासात, बारीक: 'आईने १९७९ साली ठाण्याच्या डॉक्टरांना माझ्यासमोर सांगितले. त्यांनी विचारले म्हणून. मग मला म्हणाली, मला ठाऊक आहे हे अण्णांना कळू देऊ नकोस, ते फार मनाला लावून घेतील.'

पान हातातच राहिलं. बाईंनी पंखा बंद केला.

तिला कुणी सांगितलं, कधी सांगितलं, ते आता कुणाला विचारणार? इन्स्पेक्टरचा शेरा मी वाचून दाखवत होतो तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि तिला ठाऊक होतं. त्यानंतर चौदा वर्षं ती मला डबा भरून देत होती, विडीच्या थोटकांचं भांडं घासत होती आणि तिला ठाऊक होतं. ते मिठाचं गाणं मी कुठे केलं, हेही तिला ठाऊक असणार. तरी नेमक्या त्याच ओळीला हसायची. 'कवितेत तुमचं बरं चालतं.' मी त्यावर काय बोललो असेन? मी दाद घेतल्यासारखा हसलो असेन. आणि तू सोळाव्या वर्षापासून हे पोटात घेऊन माझ्यासमोर ताट घेत होतीस. खाडीवर एवढ्या लोकांत तू विडीचंच बोललीस, हे नाही बोललीस. मी तो माझा अपमान समजत होतो. तू मला सांभाळून घेतलं होतंस, हे आज कळतंय.

डबी उघडून दाखवली त्यांनी. काप काढल्यामुळे मेणाचा एक कोपरा खाली गेलाय, तपकिरी ठिपका पूर्वीपेक्षा लहान दिसतो. आणखी काप लागतील. मग तो आणखी लहान होईल. फेब्रुवारीपर्यंत कळेल म्हणाल्या. "किंवा काहीच कळणार नाही, तीही तयारी ठेवा."

मी उठलो तेव्हा त्या म्हणाल्या, "सुचेताबाई नऊ डिसेंबरला येतायत इथे. हे तुम्हाला सांगायला त्यांनीच सांगितलंय."

"मला भेटायला?"

"तपासणीला. तुमचं पत्र मिळाल्यावर त्यांनी सोलापूरला करून घेतली. पेशी जरा वेगळ्या दिसल्यात, पुन्हा बघायच्यात. घाबरायचं कारण आहे असं मी म्हणत नाही." मग डबीचं झाकण लावत म्हणाल्या, "नाही असंही म्हणत नाही."

म्हणजे तू पत्रं वाचतेस. हे मला असं कळायचं होतं.

परत येताना खाडीवर उतरलो, जेसल पार्कच्या त्याच जागी. ओहोटी होती. नुसता काळा चिखल, त्यात कुणी तरी सोडलेला हार रुतलेला, पाणी लांब गेलेलं. इथे मी तुझ्या मुठीतला ठोकळा पाण्यात टाकायला सांगत होतो. सुलूला अपुरी पाठवायची नाही म्हणून, असं मी म्हटलं होतं. ते तरी खरं होतं का, हे मी तासभर स्वतःला विचारत बसलो. भरतीचं पाणी परत यायला लागलं तेव्हा उठलो.

डॉक्टरबाईंच्या खोलीबाहेर एक लाकडी बाक आहे. नऊ डिसेंबरला मी सकाळपासून तिथे बसलेला असेन. १९७९ साली जिथे बसायला हवं होतं तिथे बसलो नाही, म्हणून. बोलू नकोस. माझ्याकडे बघितलं नाहीस तरी चालेल. आतून बाहेर येशील तेव्हा बाकावर कुणीतरी आपलं आहे, एवढंच असू दे.

चूक तू दाखवून दिलीस. नियमाप्रमाणे पुढचं काम माझं, ते करून पत्र संपवतो.

होय
होय
होय
होय
होय

अण्णा